आधी राउंड मोजा, मग श्रेष्ठ ठरवा

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या ज्येष्ठ मंडळात पुढच्या महिन्यात मला अर्धा तास बोलायचं आहे. 'जगातला सर्वश्रेष्ठ हेवीवेट बॉक्सर' हा विषय मीच सुचवला आणि आता पंचाईत झाली आहे. माझ्या मते मोहम्मद अली, त्यात वादच नाही. पुतण्या म्हणतो, "काका, टायसनच्या क्लिपा बघा, अली दोन राउंड टिकला नसता. आणि आजच्या साडेसहा फुटी गड्यांपुढे तुमचा जुना एकही उभा राहणार नाही." वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांची तुलना करायची तरी कशी? अलीने समाजासाठी जे केलं ते त्यात धरायचं की नाही? आम्ही मूळचे कुस्तीवाले, बॉक्सिंग बघितलंय ते टीव्हीवरच.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. कुस्तीवाले आहात, हे फार बरं झालं. तांबड्या मातीत वेळेचं बंधन नसताना चितपटीवर निकाल लागलेली कुस्ती आणि गादीवर सहा मिनिटांत गुणांवर सुटलेली कुस्ती एकाच वहीत मांडून मल्लांचा क्रम लावा, असं कोणी सांगितलं तर तुम्ही त्याला आधी माती की गादी ते विचाराल. बॉक्सिंगमध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण रिंग बाहेरून शंभर वर्षं सारखीच दिसते. आत मात्र सगळं बदललेलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. समाजावरचा परिणाम धरायचा, पण वेगळ्या कागदावर. एका कागदावर रिंग, दुसऱ्यावर समाज, आणि दोन्हींची बेरीज करायची नाही. अलीने लष्करात जायला नकार दिला म्हणून त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, एका इंचानेही लांब होत नाही. टायसन तुरुंगात गेला म्हणून १९८८ मधला त्याचा वेग कमी होत नाही. बहुतेक वाद चिघळतात ते एकजण पहिल्या कागदावरून बोलतो आणि दुसरा दुसऱ्या, म्हणून.

आता पहिला कागद. प्रत्येक नावापुढे लढत किती राउंडांची होती, दोघांची वजनं किती, आणि त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचं वय काय, एवढंच लिहा. विजय-पराजयाचे आकडे सगळ्यांत शेवटी.

राउंडांपासून सुरुवात करा, कारण श्रोते तिथेच सरसावून बसतील. आज विजेतेपदाची लढत १२ राउंडांची असते. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू जबर जखमी झाला आणि काही दिवसांत गेला. ती लढत लाइटवेट गटातली होती, पण त्यानंतर एकेका संघटनेने १५ चे १२ राउंड केले आणि १९८० चं दशक संपेपर्यंत सगळीकडे १२ झाले. आता मागे जा. १९४१ च्या जूनमध्ये विजेता जो लुई याच्यासमोर बिली कॉन होता, वजनाने बराच हलका. १२ राउंड संपले तेव्हा तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता, तिसरी बरोबरीत. तेराव्या राउंडचे दोन सेकंद उरले असताना लुईने त्याला बाद केलं. १९५२ मध्ये रॉकी मार्सियानो तेव्हाच्या विजेत्या जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता आणि तेराव्याच राउंडमध्ये त्याच्या उजव्या ठोशाने वॉलकॉट दोरावर लोळला. आजचे नियम लावले तर लुईचं सलग राज्य १९४१ मध्ये संपतं, आणि मार्सियानोचा तो ४९-० चा (४९ विजय, एकही पराभव नाही) आकडा, ज्यावर त्याची अर्धी कीर्ती उभी आहे, जन्मालाच येत नाही. आणखी मागे १९१५ मध्ये हवानात जॅक जॉन्सन जेस विलार्डकडून हरला तो ४५ राउंडांच्या लढतीत, सव्विसाव्या राउंडला, उघड्या मैदानावरच्या उन्हात. १२ राउंडांची लढत असती तर तो विजेता म्हणूनच घरी गेला असता.

यातून 'म्हणजे कॉनच खरा जिंकला' असा निष्कर्ष मात्र काढू नका. १५ राउंड आहेत हे माहीत असलेला बॉक्सर दम त्या हिशोबाने वाटतो. लुई शेवटच्या टप्प्यासाठी राखून लढत होता, आणि कॉन पुढे असूनही नॉकआउटच्या मोहात जवळ गेला, तिथेच फसला. नियम बदलला की डावपेचही बदलतात. जुन्या बॉक्सरला नव्या नियमात नुसता उचलून ठेवता येत नाही, आणि नव्याला जुन्यात तर त्याहून नाही.

वजनाचा मुद्दा पुतण्याचा आहे आणि तो निम्मा खरा आहे. पूर्वी १७५ पाउंडांच्या, म्हणजे सुमारे ७९ किलोंच्या वर सगळे हेवीवेट. १९८० च्या सुमारास मधे क्रूझरवेट गट आला आणि आज त्याची वरची मर्यादा २०० पाउंड, म्हणजे जवळपास ९१ किलो आहे. या मापाने मार्सियानो (सुमारे १८५ पाउंड) आणि ऐन भरातला लुई (१९३८ मध्ये १९९ च्या आत) दोघेही क्रूझरवेट ठरतात. अलीकडच्यांत लेनॉक्स लुईस १९६ सेंटीमीटर, टायसन फ्युरी २०६. मार्सियानो जेमतेम १७८ सेंटीमीटर, हाताचा पल्लाही त्या गटात अगदी आखूड. त्याला फ्युरीसमोर उभं करणं हा मार्सियानोवर अन्याय आहे, तेव्हा तो सामना कल्पनेतही लावू नका.

पण 'मोठा तोच भारी' हेही टिकत नाही. युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक हा मुळात क्रूझरवेट. २०१८ मध्ये त्या गटाची चारही विजेतेपदं त्याच्याकडे होती. मग तो वर आला आणि १८ मे २०२४ ला रियाधमध्ये फ्युरीला हरवून हेवीवेटचा निर्विवाद विजेता झाला. डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. उसिकची उंची १९१ सेंटीमीटर, पल्ला १९८. अलीची उंची आणि पल्ला नेमके एवढेच धरले जातात. पुतण्याला हे आकडे शेजारीशेजारी लिहून दाखवा आणि गप्प बसा.

वयाच्या रकान्यात सगळ्यांत जास्त भ्रम फुटतात. मार्सियानोने लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि कर फेडण्यासाठी निवृत्तीतून परत आलेला होता. वॉलकॉट ३८ चा होता. टायसनने लॅरी होम्सला चौथ्या राउंडमध्ये लोळवलं ती क्लिप पुतण्याने दाखवलीच असेल. होम्स तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि जवळपास दोन वर्षं रिंगबाहेर. उलट अलीच्या कागदावर बघा. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला, आणि अलीला हरवणाऱ्या जो फ्रेझियर व केन नॉर्टन या दोघांनाही त्याने दोन-दोन राउंडांत संपवलेलं. अली ३२ चा होता, आणि जिंकला. हा एकच निकाल मार्सियानोच्या अख्ख्या यादीपेक्षा जड आहे, असं आमचं मत. मार्सियानोचे चाहते रागावतील.

पराजयांनाही हाच नियम. अलीचे पाच पराभव, त्यातले लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिकविरुद्धचे दोन त्याच्या शरीराने केव्हाच राजीनामा दिल्यानंतरचे. लुईचे तीन, त्यातले दोन परत आल्यानंतरचे. टायसनची २०२४ मधली, वयाच्या ५८ व्या वर्षीची, दोन-दोन मिनिटांच्या राउंडांची लढत सरळ खोडून टाका. तसंच १९८० मध्ये दिल्लीत अली आपल्या कौर सिंगबरोबर उतरला होता, ती प्रदर्शनी लढत होती. मंडळात कोणीतरी ती हमखास काढेल. कौतुकाने सांगा, हिशोबात धरू नका.

आता लढती बघण्याबद्दल. आवाज बंद करा. समालोचक ज्याच्या बाजूने ओरडतो तो जिंकतोय असं वाटू लागतं. पहिल्यांदा बघताना फक्त पाय बघा, दुसऱ्यांदा फक्त डावा हात. जॉन्सनच्या काळातल्या फिल्म हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याच्या आहेत. त्या सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घेत आणि पुढे चोवीसच्या वेगाने दाखवल्या गेल्या, म्हणून माणसं टुणटुण उडताना दिसतात आणि आपण हसतो. मोबाइलवर वेग ०.७५ करा. जॉन्सन समोरच्याचे दंड धरून त्याचा ठोसा निघायच्या आधीच कसा मारतो, ते तेव्हा कळेल.

एक लढत मात्र नीट, मागेपुढे करून बघाच, कारण तिच्यात दोन्ही कागद एकत्र येतात. जून १९३६, न्यूयॉर्क. लुई २२ वर्षांचा, अपराजित. समोर जर्मनीचा माक्स श्मेलिंग, ज्याला सगळ्यांनी संपलेला धरलं होतं. श्मेलिंगने लुईच्या फिल्म बघून एक खोड हेरली होती. लुई डाव्या हाताने जॅब मारायचा आणि हात परत आणताना तो गालापाशी न आणता खाली, छातीच्या रेषेत आणायचा. तेवढ्या क्षणात डावी बाजू उघडी. श्मेलिंगने मार खात वाट बघितली आणि त्या खाली जाणाऱ्या हातावरून उजवा सोडला. चौथ्या राउंडमध्ये लुई खाली बसला, बाराव्यात बाद झाला. मधल्या सात राउंडांत तोच ठोसा पुन्हा पुन्हा त्याच जागी बसताना दिसतो. चूक एकच, पण लढत चालू असताना ती सुधारत नाही, कारण हात परत आणायची सवय सरावात लागते आणि दमल्यावर तर माणूस सवयीवरच लढतो.

नंतर लगेच २२ जून १९३८ ची परतीची लढत लावा. लुई आता विजेता आहे आणि लढत २ मिनिटं ४ सेकंदांत संपते. यावेळी तो लांबून जॅब टाकत बसत नाही, आत घुसतो आणि छोटे, सरळ ठोसे मारतो. श्मेलिंगला उजवा हात ताणायला जागाच मिळत नाही. एक ठोसा बरगड्यांच्या मागे, मणक्याच्या बाजूला बसतो आणि श्मेलिंग ओरडतो. तिथल्या हाडाला तडा गेला होता. लुईची सगळी थोरवी या दोन फिल्मच्या मधल्या फरकात आहे. त्याचं राज्य १९३७ ते १९४९, जवळपास पावणेबारा वर्षं, आणि विजेतेपदाचे २५ बचाव. त्यातले सात डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत. आजचे विजेते वर्षाला एक-दोनदा उतरतात.

अलीच्या दोन वेगवेगळ्या काळांची सरमिसळ करू नका. १९६७ च्या मार्चपर्यंतचा अली पायांवर जिंकायचा. हात खाली, हनुवटी मागे, शिक्षक वहीत लाल शेरा मारतील असं सगळं, पण ठोसा पोचेपर्यंत तो तिथे नसायचाच. नोव्हेंबर १९६६ मधली क्लीव्हलंड विल्यम्सबरोबरची तीन राउंडांची लढत बघा. मग साडेतीन वर्षांहून जास्त बंदी, वयाच्या २५ ते २८. परत आलेल्या अलीकडे ते पाय नव्हते. तो मार सोसून जिंकायला शिकला आणि त्याची किंमत पुढे शरीराने भरली. किन्शासात सगळे दोरावर टेकलेला अली बघतात. तुम्ही पहिला राउंड बघा. तिथे तो जॅबशिवाय थेट उजवा ठोसा मारत सुटतो. मागच्या हाताचा ठोसा लांबून येतो, समोरच्याला दिसतो, म्हणून तसा उघड मारणं वेडेपणा मानतात. फोरमनला तो अपेक्षितच नव्हता, त्यामुळे बसला. पण फोरमन खाली पडला नाही, आणि दुसऱ्या राउंडपासून अलीने दोराचा बेत धरला.

टायसनसाठी पुतण्याला १९८८ ची मायकल स्पिंक्सबरोबरची ९१ सेकंदं दाखवू दे, ती अफाटच आहेत. मग ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो, तुम्ही दाखवा. गुरू कस डी'अमाटो १९८५ मध्येच गेले होते, प्रशिक्षक केविन रूनीला १९८८ अखेरीस काढलं होतं. त्या पद्धतीचा प्राण होता तो दोन्ही हात गालाला चिकटवून डोकं सतत हलवत आत शिरण्यात, कारण १७८ सेंटीमीटरच्या माणसाला लांबून लढता येत नाही. टोकियोत डोकं हललंच नाही. बस्टर डग्लसचा जॅब पाहिजे तेव्हा बसत होता. डोळा सुजला तर कॉर्नरमध्ये, म्हणजे राउंडांच्या मधे त्याला सांभाळणाऱ्यांकडे, सूज दाबायची थंड लोखंडी पट्टीसुद्धा नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. जगातल्या सगळ्यांत महागड्या बॉक्सरचा कॉर्नर! दहाव्या राउंडमध्ये खेळ संपला. टायसनचा सर्वोत्तम काळ खरोखर सर्वोत्तमांत बसतो, पण तो जेमतेम तीन वर्षांचा आहे. आणि भरात असलेल्या एकाही थोर बॉक्सरला हरवल्याची नोंद त्याच्या कागदावर नाही. इव्हँडर होलीफिल्डकडून दोनदा आणि लेनॉक्स लुईसकडून एकदा तो हरला.

दुसऱ्या कागदावर गाजलेली वाक्यं लिहू नका. कोणता दरवाजा उघडला, कोणता बंद झाला, कोणी किंमत मोजली, तेवढं लिहा. जॅक जॉन्सनपासून सुरू करा. १९०८ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. ४ जुलै १९१० ला रीनोत त्याने निवृत्तीतून ओढून आणलेल्या गोऱ्या माजी विजेत्या जेफ्रीझला पंधराव्या राउंडमध्ये हरवलं आणि अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसं मेली. १९१२ मध्ये लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर आणि बाहेरून आणण्यावर बंदीचा कायदा आला. गंमत अशी, की त्याच कायद्याने पुढे जॉन्सन हरल्याची हवानातली फिल्मही देशाबाहेरच अडकली. गोऱ्या स्त्रीबरोबरच्या प्रवासावरून त्याला शिक्षा झाली. माफी मिळाली २०१८ मध्ये, मेल्यावर ७२ वर्षांनी. म्हणजे जॉन्सननंतर दरवाजा बंद झाला. १९३७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट विजेतेपदाची लढत मिळाली नाही. गोरा विजेता जॅक डेम्प्सी याच्यासमोर कृष्णवर्णीय हॅरी विल्स कधी आला नाही. पण हेही लिहा, की विजेता झाल्यावर स्वतः जॉन्सननेही कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला संधी दिली नाही.

लुईच्या मॅनेजरांनी म्हणूनच त्याला नियम घालून दिले होते. गोऱ्या स्त्रीबरोबर फोटो नको, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हसू नको. त्याचा तो अबोल चेहरा स्वभावातून थोडा आणि जॉन्सनच्या सावलीतून जास्त आला. १९४२ च्या सुरुवातीला दोन लढतींचं मानधन त्याने नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिलं, सैन्यात भरती झाला, आणि करखात्याने पुढे ते दिलेले पैसेही उत्पन्नात धरले. व्याजासकट ते ओझं आयुष्यभर होतं. फोर्ट रायली या लष्करी तळावर कृष्णवर्णीय सैनिकांना अधिकारी-प्रशिक्षणात घेत नव्हते, तेव्हा लुईने शब्द टाकला. त्यात जॅकी रॉबिन्सन होता, पुढे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत फोडणारा. सैन्यातला वर्णभेद १९४८ च्या आदेशाने उठला, त्याचं श्रेय मात्र लुईला देऊ नका. आणि श्मेलिंगला नाझी म्हणू नका. तो पक्षाचा सदस्य नव्हता, त्याचा अमेरिकी मॅनेजर ज्यू होता, आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवलं.

अलीबद्दल एक चूक सर्रास होते, ती तुम्ही टाळा. २८ एप्रिल १९६७ ला, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यभरती नाकारली, पाच वर्षांची शिक्षा आणि १० हजार डॉलर दंड झाला, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८-० ने शिक्षा रद्द केली, इथवर बरोबर. पण न्यायालयाने 'युद्धाला विरोध करणं योग्य' असं म्हटलं नाही. अलीची भरतीतून सूट नाकारताना भरतीच्या अपील मंडळाने तीनपैकी कोणतं कारण धरलं ते सांगितलंच नव्हतं, आणि त्यातली दोन कारणं सरकारने स्वतःच सोडून दिली होती. त्या तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा गेली. मोठेपणा निकालात नाही, तर जिंकण्याची खात्री नसताना भरातली वर्षं सोडण्यात आहे. याच कागदावर हेही यायला हवं, की बॉक्सिंगच्या परवान्यासाठी आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या फ्रेझियरला त्याने गोरिला आणि गोऱ्यांचा गुलाम म्हणून हिणवलं, आणि किन्शासातल्या लढतीचे पैसे तिथल्या मोबुटूच्या हुकूमशाही राजवटीने पुरवले होते. आपल्याकडे कोणीतरी दलित पँथरचा धागा काढेल. १९७२ मध्ये मुंबईत निघालेल्या त्या संघटनेने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. अली त्या पक्षाचा नव्हता, तो नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेत होता.

टायसनच्या नावापुढे १९९२ ची बलात्काराची शिक्षा स्पष्ट लिहा. क्लिपांमध्ये ती नसते. तीन वर्षांनी तो सुटला आणि पहिल्याच लढतीला पैसे भरून टीव्हीवर बघणाऱ्यांची झुंबड उडाली, हाही समाजावरचाच परिणाम.

आमचा क्रम विचाराल तर पहिल्या कागदावर अली थोडक्यात पुढे, तो प्रतिस्पर्ध्यांमुळे. लुई त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि निव्वळ ठोशाच्या तंत्रात वरचढ. दुसऱ्या कागदावर आम्ही क्रम लावत नाही. जॉन्सन, लुई आणि अली यांची ती साखळी आहे, मधली कडी काढली तर पुढची समजत नाही.

अर्ध्या तासाची वाटणी अशी करा : राउंड, वजन आणि वय यांना सात मिनिटं, लुई-श्मेलिंगच्या दोन फिल्मसाठी आठ, अलीला सात, टायसनला तीन, उरलेली पाच प्रश्नांना. फिल्म आधीच उतरवून घ्या, वाचनालयाच्या वायफायवर विसंबू नका. १९३६ च्या फिल्ममधला चौथा राउंड नेमका कुठे सुरू होतो ती वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि बटण दाबायला पुतण्यालाच बसवा.